धामणीचा कामठा मोडला, त्याची नोंद

मोहोराची दुसरी फवारणी काल संपली. थंडी बरी पडतेय, तुडतुडे सध्या तरी आटोक्यात आहेत. फुलकिडीचं पुढच्या नोंदीत लिहितो. आज थोडं वेगळं.

आमच्या गोठ्यात खुंटीला एका लाकडाचे दोन तुकडे टांगलेले आहेत. येणारा-जाणारा विचारतो, हे कसलं? जळवणात टाकायचं सोडून टांगून का ठेवलंय? चार महिने प्रत्येकाला तोंडी सांगत आलो, आता एकदाच लिहून टाकतो. कुऱ्हाडीचा दांडा, कुदळीचा दांडा, शिडीची पायरी, कावडीचा बांबू, काहीही वापरणाऱ्याच्या उपयोगाचं आहे. मला ते कळायला लेकीच्या गालावर तीन टाके पडावे लागले.

लेक सातवीत आहे. शाळेत तिरंदाजी सुरू झाली. दोन बांबूची धनुष्यं आणि पोरं तीस. आठवड्यातून एकदा नंबर लागायचा, तोही चार बाणांपुरता. साताऱ्याची अदिती स्वामी २०२३ साली बर्लिनला जगज्जेती झाली, तेव्हा ती सतरा वर्षांची होती, हे सरांनी वर्गात सांगितल्यापासून आमच्या घरात दुसरा विषय नाही. अदितीचं धनुष्य म्हणजे कप्प्या लावलेलं यंत्रच, त्यात लाकडाचा संबंध नाही, हे मी तिला सांगून बघितलं. उपयोग झाला नाही. शेवटी मी बोलून गेलो, "थांब, मीच करतो तुझ्यासाठी. आपल्याकडे धामण आहे."

धामण म्हणजे साप नव्हे, झाड. तसा सापही चांगलाच, उंदीर खातो, मारू नका. पण झाडाबद्दल सांगतो. आपल्याकडच्या जुन्या माणसांना धामण ओळखता येते. नवीन बागायतदार साफसफाईत तोडून टाकतात. पाला गुरं खातात, सालीचा वाख निघतो, बारकी फळं पोरं खातात. आणि लाकूड असं लवचीक की कावडीला, कुऱ्हाडीच्या दांड्याला, गाडीच्या दांडीला पहिली पसंती तिला. संस्कृतात तिला धन्वन म्हणतात, धनुर्वृक्षसुद्धा म्हणतात. म्हणजे धनुष्याचं झाड. नावातच एवढं लिहून ठेवलंय म्हटल्यावर मला वाटलं, अर्धं काम झालंच.

आमच्या बागेच्या गडग्यावर एक जुनी धामण होती. विजयदुर्गच्या सड्यावर वारा कसा असतो ते इथल्यांना सांगायला नको. ती आधीपासून पूर्वेला कललेली होती. १६ मे २०२१ ला तौक्ते वादळ किनाऱ्याला घासून गेलं त्या दिवशी ती मुळासकट पडली. हापूसची अकरा झाडं पडली होती, त्यामुळे तिच्याकडे बघायला आठ दिवस गेले. मग खोडाचा बुंध्याकडचा अर्धा भाग वखारीत नेऊन फळ्या पाडून आणल्या. वरचा अर्धा भाग आमच्या वाडीतल्या मेस्तकाकांनी बघितला आणि म्हणाले, हा कापू नको, फोडूया. लोखंडी पाचरी मारून त्यांनी तो उभा चार फाकांत फोडला. साल ओली होती, केळ्यासारखी सोलून निघाली. फाकांच्या दोन्ही टोकांना शेण-चुना लिंपला आणि चुलीवरच्या माळ्यावर धुरात टाकल्या. "दांड्यांक होतीत," एवढंच म्हणाले. तीन वर्षं त्या तिथेच होत्या. एकीचा कुऱ्हाडीला दांडा केला, तो अजून आहे.

गणपतीची सुट्टी लागली आणि मी कामाला बसलो. माळ्यावरच्या फाका बघितल्या. वाकड्यातिकड्या, सापासारख्या. एक तर टोकाकडे पिळलेली. त्या बाजूला केल्या आणि वखारीची फळी घेतली. दोन इंच रुंद, सव्वा इंच जाड, रूळ लावून बघावी अशी सरळ. कडेवरून पाहिली तर रेषा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरळ गेलेल्या, वहीच्या पानासारख्या. रेषा सरळ असावी लागते एवढं मला माहीत होतं. क्रिकेटची बॅट घेताना आपण तेच बघतो की. गाठ नाही, चीर नाही. अजून काय पाहिजे?

पाच फुटांचा कामठा चार दिवसांत झाला. रंध्याने सगळीकडून साफ केला, पाठीवरून तर दोनदा. इथे दोन शब्द सांगून ठेवतो, पुढे लागतील. धनुष्याची जी बाजू निशाण्याकडे असते ती पाठ, आणि जी आपल्याकडे असते ते पोट. ओढलं की पाठ ताणली जाते आणि पोट दाबलं जातं. पाठीला रंधा मारताना एका जागी लाकूड उलटं फाटत होतं. मी रंधा दुसऱ्या बाजूने मारला, तर पुढच्या वितीवर परत फाटायला लागलं. मी पात्याला धार लावली. लाकूड मला सांगत होतं आणि मी पात्याला दोष देत होतो.

मासेमारीच्या नायलॉन दोऱ्याची दोरी वळली. लेकीने तीन दिवस पेंढ्याच्या भाऱ्यावर बाण मारले. ओढताना कधीतरी 'टिक' असा बारीक आवाज यायचा. मला वाटलं दोरी खाचेत बसतेय.

चौथ्या दिवशी संध्याकाळी तो मोडला. पूर्ण ओढलेला असताना. वरच्या बाहूच्या मध्यावर तिरका फाटत गेला आणि सुटलेलं टोक तिच्या डाव्या डोळ्याच्या खाली लागलं. डोळ्यापासून दोन बोटं खाली. दवाखान्यात तीन टाके घातले. डॉक्टर काही बोलले नाहीत, पण त्यांनी दोन बोटं डोळा आणि जखमेच्या मध्ये ठेवून मला दाखवली. घरी येताना गाडीत कोणी बोललं नाही. बायकोने रात्री ताट वाढलं आणि एवढंच म्हणाली, "आता परत धनुष्य नाय."

दुसऱ्या दिवशी दोन्ही तुकडे घेऊन मेस्तकाकांकडे गेलो. वय ऐंशीच्या वर, आता काम करत नाहीत, पण पडवीत वाकस आणि रंधे ओळीने तेल लावून ठेवलेले असतात. त्यांनी आधी लेकीचं विचारलं. मग तुकडे हातात घेतले, उजेडाकडे फिरवले.

"खंयची फळी?"

"वखारीतली. आपल्या धामणीचीच. रेषा बघून घेतली होती काका, एकदम सरळ होती."

"खंय बघलंस?"

मी कड दाखवली. ते हसले नाहीत, हे त्यांचे उपकार. म्हणाले, "कडेर बघलंस. पाठीर खंय बघलंस? ही रेष वर्साची. धागो येगळो."

मग त्यांनी बाटलीतून रॉकेलचा एक थेंब पाठीवर टाकला आणि आम्ही दोघं बघत बसलो. थेंब गोल पसरला नाही. लांबट झाला, आणि लांबट होताना फळीच्या कडेला समांतर न जाता तिरका निघाला. दुसरा थेंब वीतभर पुढे टाकला, तोही त्याच दिशेने तिरका. काकांनी पेन्सिलीने रेघ ओढली. मी नंतर पट्टीने मोजली: आठ इंच पुढे जाईपर्यंत रेघ एक इंच बाजूला सरकत होती. कामठा मोडला होता तो नेमका त्याच रेघेवरून.

हे मला कसं समजलं ते आपल्या भाषेत सांगतो. हिरांची केरसुणी घ्या. प्रत्येक हीर लांबीच्या दिशेने ओढून तोडायला जा, बोट कापेल पण तुटणार नाही. पण एका हिरेपासून दुसरी बाजूला करायला काय लागतं? नुसता बांध सैल झाला की झालं. लाकूड असंच आहे. त्याचे धागे म्हणजे पेशींच्या बारीक नळ्या, रुंदपानी झाडात जेमतेम मिलिमीटरभर लांबीच्या, एकमेकींना चिकटून खोडाच्या लांबीने लागलेल्या. धाग्याच्या दिशेने ओढलं तर लाकूड प्रचंड ताण सोसतं. आडवं ओढलं तर त्या ताकदीचा अगदी लहानसा हिस्सा उरतो. म्हणून तर कुऱ्हाडीच्या एका घावात ओंडका उभा फुटतो आणि आडवा तोडायला घामटं निघतं. हे आपण जन्मापासून बघतोय.

आता धागे तिरके असले की काय होतं? पाठीवरचा ताण पूर्णपणे धाग्याच्या लांबीने राहत नाही. त्यातला थोडा भाग धाग्यांना एकमेकांपासून सोडवायला लागतो, आणि तिथेच लाकूड दुबळं. इमारती लाकडाच्या चाचण्यांतले आकडे असे आहेत: २० इंचांत १ इंच तिरका धागा असेल तर वाकवून मोडण्याचं बळ फार कमी होत नाही, ९३ टक्के राहतं. १० इंचांत १ असेल तर ८१ टक्के. ५ इंचांत १ असेल तर ५५. आणि हे सावकाश भार दिल्यावर. अचानक धक्का बसला तर १० इंचांत १ असतानाच ६२ टक्क्यांवर येतं. टिकावाचा दांडा मोडतो तो धक्क्यानेच ना? घराच्या वाशाला ८१ टक्के चालून जातं, कारण वासा मुळात गरजेपेक्षा जाड असतो. धनुष्याला चालत नाही. ते मोडण्याच्या अलीकडे थोडंच थांबेल इतकं वाकवायचं असतं, त्याचं कामच ते आहे.

पण माझी खरी चूक काकांनी दाखवली ती वेगळीच, आणि ती कळायला मला दोन दिवस लागले. फळीच्या कडेवर ज्या सरळ रेषा मी बघितल्या त्या वाढीच्या रेषा होत्या. झाड दर हंगामाला सालीच्या आत एक थर चढवतं, त्या थराची ती कड. थर सरळ असू शकतो आणि त्या थराच्या आतले धागे मात्र खोडाभोवती पीळ घेत वर गेलेले असू शकतात. दोरखंड बाजूने बघा, सरळ दिसतो. त्याचे पेड बघा, तिरके. पीळ असलेल्या झाडाची फळी एका बाजूने निर्दोष दिसते आणि दुसऱ्या बाजूने ती आधीच फाटायच्या तयारीत असते. म्हणून दोन्ही बाजू बघायच्या. कडेवर थर बघायचे, पाठीवर धागा बघायचा. सागवानात थर स्पष्ट दिसतात म्हणून आपली नजर थरावरच जाते. धामणीत आधीच थर पुसट, त्यात मी तेवढेच शोधून खूश झालो.

धागा बघायची साधनं घरातच असतात. रॉकेलचा किंवा शाईचा थेंब सांगितलाच. सुकताना लाकडाला ज्या बारीक भेगा पडतात त्या नेहमी धाग्याने जातात. फळीवर भेग तिरकी दिसली तर प्रश्न मिटला. टोकाचा टाकाऊ तुकडा कोयत्याने फोडून बघा, फूट कुठे जाते ते कळेल. आणि उभ्या झाडावर बघायचं असेल तर सालीच्या खाचा बघा, सुकलेल्या झाडावर साल गळल्यावरच्या भेगा बघा. आमच्या धामणीचा बुंधा अजून गडग्याला पडलेला आहे. जाऊन बघितलं. उजवीकडे पीळ घेत वर गेलेल्या भेगा, लांबून दिसतील एवढ्या. तीन वर्षं त्यावर बसून मी न्याहारी केली होती.

वखारीला दोष नाही. करवत सरळ जाते, तिला तेच काम दिलेलं असतं. खोड खाली जाड, वर बारीक, त्यात कललेलं, त्यात पिळाचं. त्यातून सरळ फळी काढायची म्हणजे ठिकठिकाणी धागे कापले जाणारच. पाचर तसं करत नाही. पाचर मारली की फूट धाग्याधाग्यानेच जाते. फाक वाकडी निघाली, कारण झाड आतून वाकडं होतं. ज्या फाका मी वाकड्या म्हणून बाजूला केल्या त्या अख्ख्या होत्या, आणि जी सरळ म्हणून घेतली ती शंभर ठिकाणी तुटलेली होती.

काका पुढे बोलत राहिले. त्यांचे आजोबा वाघोटन खाडीत गलबतं बांधायच्या कामावर असायचे. तिथेच गिर्ये-रामेश्वरच्या बाजूला मराठ्यांच्या आरमाराची गोदी आहे, धुळपांच्या काळात तिथे जहाजं उभी राहायची, हे आपल्याला शाळेत सांगितलेलं असतं. काकांनी सांगितलं ते शाळेत नव्हतं. जहाजाच्या पोटाला आतून ज्या कमानी लागतात त्यांच्यासाठी जुने लोक सरळ लाकूड वाकवत बसत नसत, की सरळ लाकडातून कमान कापतही नसत. जंगलात जाऊन तसंच वाकलेलं झाड किंवा फांदी शोधायचे. बेचक्यातलं, कड्यावर वाकून वाढलेलं. कारण तिथे धागाच वाकाने जातो. सरळ फळीतून कमान कापली की तिच्या टोकांशी धागे तुटके राहतात, आणि पहिल्या दणक्याला तिथेच जाते. "वाकडा म्हणान कोण टाकी नसत," काका म्हणाले. "वाकड्याक किंमत जास्त."

मी विचारलं, "मग दुसरा करू?" त्यांनी विचार केला. म्हणाले, "घरात इचार. नि करतलंस तर आता नुको. दिवाळी जावंदे."

दिवाळीचं कारण हवेतलं पाणी. भाद्रपदात आपल्या किनाऱ्यावर कपाटातले कपडेही ओलसर असतात; लाकूड कसं कोरडं राहील? ओलं लाकूड वाकतं, पण परत येत नाही, वाकलेलंच राहतं. काकांचा उपाय साधा होता. फाक घरात टांगायची आणि आठवड्याला वजन करायचं. वजन उतरायचं थांबलं की हवेपुरती कोरडी झाली. बियाण्याचं भात आपण वाळवतो तसंच, फक्त दाताखाली चावून बघता येत नाही. मी काजू मोजायच्या काट्यावर दर रविवारी फाक ठेवली. कार्तिकात वजन थांबलं.

मधल्या काळात बायकोला रॉकेलचा थेंब दाखवला. तिने बघितलं, पेन्सिलीची रेघ बघितली, मोडलेली जागा बघितली. दोन दिवसांनी म्हणाली, "आधी तुमी वडा. दोनशे फावटी. मगे बघूया." ही अट मला मान्य होतीच. नसती तरी पर्याय नव्हता.

तीन फाकांतली सगळ्यात कमी पिळाची निवडली. तरीही एका टोकाच्या मानाने दुसरं टोक बोटभर फिरलेलं होतं, आणि मध्ये एक लाडूएवढी गाठ. काकांचा पहिला हुकूम, "पाठीक हात लावू नुको." साल सोलल्यावर जो गुळगुळीत पृष्ठभाग राहतो तो म्हणजे झाडाचा शेवटचा थर, अख्खा, एकही धागा न कापलेला. तीच पाठ ठेवायची. तिला रंधा नाही, कानस नाही. जास्तीत जास्त नारळाच्या सोडणाने पुसायची. पुढचं सगळं काम पोटाच्या बाजूने आणि कडांनी.

कडा काढतानाही मी सवयीने सुताने सरळ रेघ मारायला गेलो. काकांनी सूत काढून घेतलं. पाठीवरच्या धाग्यामागून बोट फिरवत पेन्सिल नेली, धागा डावीकडे वळला की रेघ डावीकडे, गाठीशी आला की गाठीला वळसा. नदी दगडाला वळसा घालते तसे धागे गाठीच्या दोन्ही बाजूंनी फाकून पुढे परत एकत्र येतात. तिथे रुंदी थोडी जास्त ठेवली, पाठीवरचा फुगवटा तसाच राहू दिला. बघणाऱ्याला वाटेल काम अर्धवट सोडलंय. पीळ थोडा कमी करायला मुठीजवळ निखाऱ्यांवर तेल लावून गरम केलं आणि फिरवून धरलं. पूर्ण नाही गेला, दोरी मधोमध येण्यापुरता गेला.

पोट तासताना घाई नाही. लाकडाचा ताठपणा जाडीच्या घनाने बदलतो: जाडी दहा टक्के कमी केली की ताठपणा सत्तावीस टक्के जातो. त्यामुळे शेवटी शेवटी काचेच्या तुकड्याने खरवडायचं, भिंतीला अडकवून दोरीने थोडं ओढायचं, लांब उभं राहून दोन्ही बाहू सारखे वाकतात का बघायचं, जो ताठ वाटेल तो चार वेळा खरवडायचा. यात तीन आठवडे गेले. सकाळी फवारणी, संध्याकाळी काच. पाच फूट दोन इंच लांब, मुठीशेजारी दीड इंच रुंद, टोकाला अर्धा. आंब्याच्या पेट्या मोजायच्या ताणकाट्याला लावून बघितलं, चोवीस इंच ओढल्यावर नऊ किलो. तिच्या वयाला पुरे.

माळ्यावर आमच्या आजोबांची गलोल होती, तीही काकांना नेऊन दाखवली. आता गलोल म्हटलं की पोरांना बेचकी आठवते. ही धनुष्याची गलोल, दोन दोऱ्या आणि मध्ये खडा ठेवायला झोळी. बांबूची. आजोबा शेतावर पाखरं उठवायला वापरायचे. काका म्हणाले, ही बघ, हिची साल बाहेर आहे. बांबूत सगळ्यात दाट धागे सालीलगत असतात, म्हणून बांबूच्या धनुष्याची पाठ म्हणजे कायम सालीची बाजू. भिल्लांच्या कामठ्याला तर दोरीही बांबूच्याच चिपेची असते.

यावरून तुम्ही विचाराल, मग माणगा का नाही घेतला? आपल्या जिल्ह्यात माणग्याच्या काठ्या भरीव, सरळ, हव्या तेवढ्या मिळतात. बरोबर आहे. आणि बांबूत दोन पेरांच्या मध्ये धागे सरळच जातात, पिळाचा प्रश्नच येत नाही. ज्याला पोरांसाठी धनुष्य करायचं असेल त्याने माणगाच घ्यावा, साल बाहेर ठेवावी, पेरं तासू नयेत. मी धामण धरून बसलो त्यात थोडी खुमखुमी होती, आणि मोडल्यावर थोडी जिद्द.

आणखी एक. शेजारचे दोघं येऊन विचारून गेले, वानरांवर चालेल काय? नारळ आणि काजूचं नुकसान किती होतं ते मला वेगळं सांगायला नको, माझंही होतं. पण १९७२ च्या वन्यजीव कायद्याने तो गुन्हा आहे, आणि पोरीच्या हातातलं धनुष्य त्या कामाचं नाही. भाऱ्यावर मारायचं, भाऱ्यामागे गडगा पाहिजे, आणि कोणी समोर नाही हे आधी बघायचं.

दोनशे वेळा मी ओढलं. पहिल्या पन्नास वेळा दाराआडून, दोरी लावून. मग काजूच्या कामाचा चष्मा घालून हातात. शेवटच्या दहा वेळा बायको समोर बसून मोजत होती. 'टिक' आवाज एकदाही आला नाही. वजन केलं, नऊ किलोच.

मोडक्या कामठ्यामुळे दांड्यांची सवय मात्र बदलली. या महिन्यात घरातल्या सगळ्या हत्यारांचे दांडे बाहेर काढून बघितले, थेंब टाकून. दोन कुदळींचे आणि एका टिकावाचा दांडा काढून टाकला. बाजारातून आणलेले, गुळगुळीत, रंगवलेले. रंगाखाली धागा एका बाजूने आत शिरून दुसऱ्या बाजूने बाहेर आलेला. आंबे काढायच्या शिडीची एक पायरीही तशीच निघाली, तळातून तिसरी. तिच्यावर मे महिनाभर माणसं चढतात-उतरतात. आता दांडा घेताना रंगवलेला घेत नाही.

लेकीच्या हातात कामठा दिला तेव्हा ती खूश होईल असं वाटलं होतं. ती बघत राहिली. "ह्या असा वाकडा कित्याक?" मी धागा दाखवला, बोट फिरवायला लावलं. तिने बोट फिरवलं, पण घेताना हात लांब धरला. गालावरचा व्रण अजून गुलाबी आहे. पहिला आठवडा ती दोरी ओढायची, आणि सोडताना डोळे मिटायची. बाण कुठे गेला तेही बघायची नाही. मी काही बोललो नाही. काय बोलणार? तिला मोडणार नाही म्हणून मी आधीही सांगितलं होतं.

रविवारी संध्याकाळी मी टाकीजवळ नळी गुंडाळत होतो. तिच्या लक्षात नव्हतं मी बघतोय. पहिले तीन बाण नेहमीसारखे, डोळे मिटून. चौथा ओढला, धरला, आणि सोडताना डोळे उघडे होते. बाण भाऱ्यावरून गेला, गडग्यावरून गेला, आणि पलीकडे काजूच्या पाल्यात पडला. तिने तो पडताना बघितला. धावत गेली. मीही गेलो. बॅटरी आणून अंधार पडेपर्यंत शोधला, मिळाला नाही. उद्या आळ्यांत घालायला तिथला पाला गोळा करायचाच आहे. मिळेल.